पालींचे बेचाळीस दगड

या लेखासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "जागा नेमकी कुठली?" मी म्हटलं, कर्जत तालुका. ते म्हणाले, "अहो, तालुका केवढा मोठा! गावाचं नाव द्या, आपण छोटासा नकाशा छापू." नकाशा! मी फोन ठेवूनच देणार होतो. मग जरा सबुरीने सांगितलं की घाटाच्या अंगाला आहे, खालून गाडीची शिट्टी ऐकू येते, आणि याउपर एक अक्षर मिळणार नाही. त्यांनी आणखी दोनदा विचारून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारा विक्षिप्त दिसतोय. आहेच मी विक्षिप्त.

वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, आता दहिवलीत राहतो. या नोकरीने मला एक खोड लावली. समोरच्या माणसाचं तोंड बघायच्या आधी मी त्याचे पाय बघतो. बुटाला लाल माती असेल तर हा डोंगरावरून आला, काळा चिखल असेल तर भातखाचरातून आला, आणि बूट नुकतेच धुतलेले असतील तर कुठून आलो ते याला सांगायचं नाही. दारात कुरिअरवाला आला तरी माझी नजर आधी खाली जाते. माझी बायको मंदा म्हणते, "तुमाला माज्यावर बी संशय हाय, खरं का नाय?" मी म्हणतो, "तुज्यावर कशाला? तू चपला दारातच काढतेस."

लोकांना वाटतं जंगलखात्यातला माणूस म्हणजे बिबट्या नाहीतर सागाचे चोर. माझ्या वाट्याला पाली आल्या. कशा आल्या तेही सांगतो. आमच्याकडे बदलून आलेल्या एका वरिष्ठांना बारक्या जिवांची फार हौस होती. भरल्या मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "आपल्या डोंगरात पाली-सरड्यांच्या जाती किती?" सगळे छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. तिथे नेमकी एक पाल बसली होती, म्हणून मला हसू फुटलं. झालं! जो हसला त्याच्या गळ्यात काम पडलं.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. जंगलात पाल शोधायची म्हणजे पाल शोधायचीच नाही. कातळाकडे नुसतं बघत उभं राहायचं, आणि त्या कातळावर जे किंचित जास्त वाटेल तिथे नजर थांबवायची. रंगावर तर अजिबात विसंबायचं नाही, कारण सकाळी करडी असलेली पाल दुपारी तपकिरी होते. शेपटीवरही नाही, तुटून नवी आलेली शेपटी निराळीच दिसते. बघायचे ते डोळे आणि बोटं. घरातली पाल उजेडात बघा, डोळ्यातली बाहुली उभ्या चिरेसारखी असते. ती रात्रीची कामकरी. पण आमच्या डोंगरात सावलीतल्या कातळांवर करंगळीएवढी एक पाल दिवसा हिंडते, तिची बाहुली गोल. घरपालीच्या बोटांखाली गाद्या असतात, हिची बोटं काडीसारखी बारीक. नराचा गळा पिवळा. हे सगळं ती हलायच्या आत बघून घ्यायचं, आणि ती फार वेळ थांबत नाही.

हे काम माझ्याकडे आल्याचं कळल्यावर चमत्कारिक माणसं माझ्याकडे यायला लागली. तेव्हा मी खालापुरात होतो. एका फार्महाउसच्या बाई फोनवर थरथरत म्हणाल्या, "सापाला पाय फुटलेत!" गेलो. न्हाणीघरात सापसुरळीचं पिल्लू होतं, लालभडक शेपटीचं. मी ते हातावर घेतलं तर बाई खुर्चीवर चढल्या. "विषारी नाही ना? नक्की? लिहून द्या." मी खरंच लिहून दिलं.

दुसरे आले ते खोपोलीकडचे दोघे मोटरसायकलवाले. लोणच्याच्या बरणीत साधी घरपाल. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की पाल ठरावीक वजनाची झाली की औषधवाले घेतात आणि माणसाचं भलं होतं. "साहेब, हिचं वजन वाढत नाही. काय घालू खायला?" बरणीत उकडलेलं अंडं होतं, आणि ती बिचारी त्या अंड्यावर चढून बसली होती. मी दोघांना असं झापलं की पाल सोडून बरणीही माझ्याकडेच ठेवून गेले. हसलो मी तेव्हा. पण संध्याकाळी मनात आलं, या येड्यांना कुणीतरी सांगितलं म्हणजे पाली विचारत फिरणारं कुणीतरी आहे. तेव्हापासून डोंगरावर दिसेल तो माणूस मला पालीचोर दिसायला लागला.

मग कर्जतला बदली झाली आणि ती जागा सापडली. सापडली म्हणजे कमळूने दाखवली. कमळू आमचा रोजंदारीवरचा वनमजूर, ठाकूर समाजातला, ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यात राहणारा, माझ्याच वयाचा. बोलायला कमी, चालायला मात्र मला दमवणारा. एक दिवस तो मला करवंदीच्या जाळीतून आत घेऊन गेला. पुढे मोठमोठे कातळ, वर दाट सावली, आणि जिकडे बघावं तिकडे ती गोल बाहुलीची पाल. कमळू तिला बारकी म्हणायचा. मी पंधरा मिनिटांत अकरा मोजल्या आणि येड्यासारखा हसत सुटलो. "साएब, हळू हसा," कमळू म्हणाला, "पळतील."

आता मोजणी आली. एकच पाल दोनदा मोजली जाऊ नये म्हणून कातळांना नंबर हवेत. कातळावरच चुना मारून बघितला, तर पाल त्या बाजूला फिरकेना. मग मी युक्ती काढली. प्रत्येक कातळाच्या पायथ्याशी तळहाताएवढा एक चपटा दगड ठेवायचा आणि त्याच्यावर चुन्याने मराठी आकडा घालायचा. असे बेचाळीस कातळ, बेचाळीस दगड. दर वर्षी पाऊस सरला की आकडे नव्याने घालायचे. वरिष्ठ बघायला आले तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली.

कमळूला एकट्याला ते पटलं नव्हतं. चुन्याचं डबडं धरून तो म्हणाला, "साएब, खुना कशाला? आपल्याला म्हाईत हाय ना."

"तुला म्हाईत हाय रं, रजिस्टरला कुठं म्हाईत हाय?"

"खून बघून कोनीबी यील."

"कोन येतंय हितं मरायला!" मी म्हटलं आणि सात नंबर घातला. माझा सात मोठा झोकदार येतो.

चोर ओळखायची माझी एक कसोटी होती. जंगलातला दगड उचलला की त्याच्याखाली ओलसर ठसा राहतो. जाणकार माणूस बघून झाल्यावर तोच दगड, तीच बाजू खाली, त्याच ठशात परत ठेवतो, कारण त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. चोराला घाई असते, तो दगड उलटा टाकून पुढे जातो. कोरडी बाजू खाली आणि ओली बाजू वर असे दगड दिसले की समजायचं, कुणीतरी हात मारून गेलं. ही कसोटी मी नव्या पोरांना शिकवायचो, छाती फुगवून.

एका हिवाळ्यात एक गृहस्थ आले. कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर उतरले होते. पांढरी दाढी, भारी कॅमेरा, बोलणं मऊ. मी त्यांना इथे सर म्हणतो, कारण तेव्हाही मी सरच म्हणायचो. पालींबद्दल ते माझ्यापेक्षा जास्त बोलले आणि मग म्हणाले, "तुमच्यासारखा डोळा मी आजवर पाहिला नाही." असं मला कुणी म्हटलंच नव्हतं हो! मी त्यांना करवंदीच्या जाळीतून आत नेलं. तिथे त्यांनी एक दगड उचलला, खाली बघितलं, आणि हळूच त्याच ठशात परत ठेवला. बास. माझ्या कसोटीला माणूस उतरला. परवानगीचं पत्र मी विचारलं नाही. बूट मात्र बघितले, सवयच ती. स्वच्छ धुतलेले होते. मला वाटलं, काय टापटीप माणूस आहे.

दोन-तीन महिन्यांत मोजणी खाली यायला लागली. एक ते वीस नंबरच्या कातळांवर तासभर उभं राहिलं तरी एखादी दिसायची. आधी थंडीवर ढकललं, मग सापावर. आणि एका सकाळी बघतो तर एकवीस ते छत्तीस नंबराचे दगड उलटे! ओली बाजू वर, आकडे खाली मातीत. माझं डोकंच फिरलं. मी गुडघ्यावर बसून एकेक तपासला. आजूबाजूच्या साध्या दगडांना कुणी हातही लावला नव्हता. फक्त आमचे नंबराचे दगड. म्हणजे हा माणूस बाहेरचा नाही, याला आमचे दगड कुठे ठेवलेत ते एकूणएक पाठ आहे. असे दोनच जण होते, एक मी आणि दुसरा कमळू.

मी काय करायला हवं होतं? शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी त्याचे पाय बघितले, त्याचं डबडं बघितलं, त्याच्या घोंगडीच्या घड्या बघितल्या. आठवडाभर त्याच्याशी गोड बोललो, आणि पुढच्या सोमवारी आजारी आहे असं सांगून पहाटेच करवंदीत जाऊन बसलो. काटे टोचत होते, मुंग्या चावत होत्या. उजाडल्यावर कमळू आला. त्याने इकडेतिकडे बघितलं, खाली वाकला, सदतीस नंबरचा दगड उचलला आणि उलटा ठेवला. मग अडतीस.

"कमळ्या!" मी ओरडलो.

तो दचकला, पण पळाला नाही. "साएब, ते सर..." एवढंच म्हणाला.

"त्यांचं नाव काढू नको! मोठ्या मानसावर ढकलतोस?"

"आयका तरी, त्ये..."

"गप! डोळ्यांनी बघितलं मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. हातातला दगड त्याने खाली ठेवला. "तुमी बगितलं ना," म्हणाला, "मंग झालं." आणि चालू लागला.

त्याच दिवशी मी रेंजरसाहेबांना सांगितलं. लेखी काही झालं नाही, पुरावा कुठे होता? फक्त उद्यापासून त्याला कामावर बोलवायचं नाही एवढं ठरलं. असं वाऱ्यावर सोडलेलं जास्त वाईट असतं हे मला तेव्हा कळलं नाही. पाड्यात पोरं त्याला पालीचोर म्हणून चिडवायला लागली. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या शेतातली काकडी तोडली नाही त्याच्यावर हा डाग, आणि लावला कुणी, तर मी.

घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात मंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कशाला उलटं करायचा म्हनं तो दगड?"

"पाली काढायला, आनि कशाला!"

"काडताना बगितलं तुमी? हातात व्हती पाल?"

"नाय, पन..."

"ईचारलं का त्याला?"

मी ताटावरून उठलो. चोरी पकडून आलेल्या माणसाला घरी असं विचारतात का, म्हणून दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आणि मग मी काय केलं ऐका. दुसऱ्या दिवशी एकटाच वर गेलो आणि उलटे पडलेले ते सगळे दगड माझ्या या हातांनी सुलटे केले. आकडे पुसट झाले होते, ते पुन्हा चुन्याने ठळक घातले. परतताना खाली रस्त्यावर सर भेटले, ते अधूनमधून रिसॉर्टवर येऊन राहायचे. मी त्यांना सांगितलं, चोर घरातलाच निघाला. ते हळहळले. "फार वाईट," म्हणाले, "विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आधी मला दुसऱ्या जिल्ह्यातून फोन आला. आमच्याच खात्यातले एक साहेब होते. त्यांनी रस्त्यावर एक गाडी अडवली होती. गाडीत छोट्या छोट्या डब्या, भोकं पाडलेल्या, आत ओला कापूस. काहींत पाली जिवंत होत्या, बऱ्याचशा नव्हत्या. "एक पांढऱ्या दाढीवाले गृहस्थ आहेत," साहेब म्हणाले. "त्यांच्या कॅमेऱ्यात फोटो मिळालेत. प्रत्येक पालीचा फोटो, आणि शेजारी दगडावर चुन्याने आकडा. मराठी आकडे. तुमच्या भागातलं कुणी असे दगड ठेवतं का?"

मी म्हटलं, "सात कसा काढलाय?"

"मोठा, झोकदार आहे."

तो माझाच सात होता. साहेबांनी सगळं सांगितलं. एक ते वीसचे फोटो हिवाळ्यातले होते. एकवीस ते बेचाळीसचे नंतरचे, मी दगड सुलटे केल्यानंतरच्या आठवड्यातले. त्या माणसाला पाल हुडकायचीसुद्धा गरज पडली नव्हती. सगळी मेहनत मी करून ठेवली होती. तो खाली मान घालून आकडे बघत चालायचा, आकडा दिसला की वर बघायचं, पाल उचलायची, पुढचा आकडा. आणि एकही दगड त्याने जागचा हलवला नव्हता. हलवायचा कशाला?

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. बेचाळीस कातळांवर मिळून एक पाल दिसली, तीही शेपूट तुटलेली. मग मी चुन्याचा प्रत्येक दगड उचलला आणि दरीत भिरकावला.

कमळूकडे जायला मला त्यानंतर चार दिवस लागले. खोटं कशाला बोलू, हिंमत होत नव्हती. मंदा म्हणाली, "आता नाय गेलात तर माज्याशी बोलू नका," तेव्हा गेलो. तो अंगणात बांबू चिरत बसला होता.

"बसा साएब," म्हणाला. त्याच्या सुनेने कोरा चहा आणून दिला.

"चुकलं माजं, कमळू. फार चुकलं."

त्याने कोयता बाजूला ठेवला. "कळलं मला. पेपरात आलतं."

"तू बोलला का नाय रं?"

"बोललो ना. तुमी गप म्हनलं."

मग त्याने सांगितलं. एका सोमवारी, मी ऑफिसात मीटिंगला असताना, तो वरून लाकडं घेऊन उतरत होता. खाली सर एकटेच होते. "कातळाकडं बगत नव्हता तो मानूस. भुईकडं बगत व्हता. आकडा हुडकत व्हता. मी म्हनलं, ह्ये काय बराबर नाय. ईस कातळ तर रितं झालंच व्हतं. मंग फुडचं दगड लागलो पालथं घालायला. कातळावर हात नाय लावला, बारकीला नाय लावला. आकडं तेवडं झाकलं."

"मला आधीच सांगायचं ना!"

"तुमी त्यास्नी आत आनलं व्हतं," तो म्हणाला. "तुमचा मानूस. मी काय सांगनार?"

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला, खाकी घातलेला माणूस, दुसऱ्याच्या अंगणात रडत होतो, आणि त्याची सून दारात उभी राहून बघत होती. कमळूने मला रडू दिलं. उगी म्हणाला नाही. बरं केलं.

रेंजरसाहेब परत कामावर घ्यायला तयार आहेत म्हणून मी सांगितलं. पाड्यात येऊन चारचौघांत सांगतो म्हटलं, आणि तसं सांगितलंही, पुढच्याच रविवारी, सगळ्यांसमोर. पण कामाला तो नको म्हणाला. कळंबकडे दुसऱ्या एका रिसॉर्टवर गवत कापायला लागला होता. "गवात कापताना कोनी मागं बसून बगत नाय," म्हणाला. हसला नाही.

निघताना मी म्हटलं, "बारकी संपली रं. माज्या हातनं संपली."

तो म्हणाला, "कोन म्हनतं संपली?"

मी वळलो. "म्हंजी?"

"ह्याच कातळावर व्हती व्हय ती? डोंगर केवडा हाय. हायत."

"कुठं?" मी त्याच्याजवळ गेलो. माझा हात खिशाकडे गेला होता, पेन काढायला. मला कळलंही नाही. त्याने तो हात बघितला.

"नाय सांगनार, साएब," तो म्हणाला. "तुमी लिवून ठेवता."

त्याला आता किती वर्षं झाली. मी निवृत्त झालो. कमळूही थकला, तरी बाजाराच्या दिवशी कर्जतला उतरला की दहिवलीला माझ्याकडे येतो, मंदाच्या हातचा चहा पितो. आल्यावर मी त्याचे पाय बघतो. लाल माती असते. मला ती माती कुठली हे ओळखता येईल, माझी उभी हयात त्यातच गेली आहे. पण मी नजर वर घेतो.

तर संपादकमहाशय, मी तुम्हाला नाव दिलं नाही ते त्या जुन्या जागेचं. तिथे आता काही नाही, तरी देणार नाही. आणि जिथे पाली आहेत त्या जागेचं नाव मला ठाऊकच नाही. माझ्यावर एका माणसाचा भरवसा नाही, आणि तो बरोबर आहे. दर खेपेला उठताना तो चपला पायात सरकवतो, तेव्हा मी एवढंच विचारतो, "हायत का रं?"

"हायत," तो म्हणतो.

किती, ते मी विचारत नाही.